बेटावरून बेटावर: एका पैजेतून सुरू झालेला स्विमरन

तुम्ही हा भाग ज्या फोनवर ऐकताय, त्याच्या बॅटरीत लिथियम आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. पण हे लिथियम पहिल्यांदा सापडलं कुठल्या दगडात, ते माहीत आहे का? स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याला, स्टॉकहोमच्या दक्षिणेकडे, ऊतो नावाचं एक बेट आहे. तिथल्या खाणीतल्या पेटलाइट नावाच्या खनिजावर काम करताना १८१७ साली योहान आउगुस्त आर्फवेडसनला हे मूलद्रव्य सापडलं. वय वर्षं फक्त २५. बर्झेलियससारख्या दिग्गजाच्या प्रयोगशाळेत काम करणारा पोरगाच म्हणा ना.

घाबरू नका, आजचा भाग रसायनशास्त्रावर नाहीये. पण ऊतो बेट लक्षात ठेवा. तिथली खाण मुळात लोखंडाची. मध्ययुगापासून चालू होती, १८७९ मध्ये बंद पडली. खाण गेली, खाणीच्या कचेरीची इमारत राहिली, आणि पुढे तिथे हॉटेल झालं. या हॉटेलात २००२ च्या उन्हाळ्यात एका रात्री चार माणसं पीत बसली होती. हॉटेलचा मालक अँडर्स माल्म आणि त्याच्याकडे काम करणारे तिघं. रात्र सरत आली, बाटल्या रिकाम्या झाल्या आणि विषय निघाला की इथून सांदहाम्नपर्यंत जायचं. सांदहाम्न हे उत्तरेकडचं दुसरं बेट. तिथे होड्यांच्या शर्यतीवाल्यांचं प्रसिद्ध हॉटेल आहे. पण जायचं कसं, तर होडी न घेता. बेट आलं की पळायचं, पाणी आलं की पोहायचं.

आता अशा गप्पा आपल्याकडेही होतात. कट्ट्यावर रात्री एक वाजता लडाखपर्यंत सायकलवर जायचं ठरतं आणि सकाळी कुणी फोन उचलत नाही. ही चौघं मात्र दुसऱ्या दिवशी खरंच निघाली!

दोन-दोनच्या जोड्या केल्या. जी जोडी मागून पोचेल तिने सगळ्यांचं हॉटेल, जेवण आणि दारूचं बिल भरायचं. वाटेत बेटांवरची तीन रेस्टॉरंट लागत होती, तिथे थांबणं सक्तीचं. पुढे असलेली जोडी मागच्यांसाठी काहीतरी मागवून निघून जाणार. मागच्यांनी ते प्यायचं आणि पैसेही त्यांनीच द्यायचे. म्हणजे जो आधीच दमलाय त्याच्या पोटात आणखी ओतायचं. क्रीडाशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात बसणारा नियम नाही हा, पण मला फार आवडतो.

त्यांना पोचायला २४ तासांहून जास्त लागले. पोचल्यावर इतके गळून गेले होते की पार्टी झालीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

आज ज्याला स्विमरन म्हणतात त्या खेळाची सुरुवात ही अशी झाली. हा खेळ सुरू करायचा म्हटलं की आजकाल लोक आधी दुकानात जातात. कुठला सूट, कुठले बूट, हातात घालायचे पॅडल कुठले. मला आज उलट्या बाजूने जायचंय. या खेळाचा प्रत्येक विचित्र नियम आणि प्रत्येक विचित्र वस्तू कुठून आली, हे कळलं की सुरुवात कुठून करायची तेही आपोआप कळतं.

पण आधी हे बघू की ही पैज स्वीडनमध्येच का लागली.

पहिलं कारण म्हणजे भूगोल. स्टॉकहोमच्या समोर समुद्रात सुमारे ३०,००० बेटं आहेत. यातली बरीचशी बेटं म्हणजे नुसते खडक, त्यावर चार झाडं आणि एखादा पक्षी. हिमयुगात या भागावर बर्फाचं प्रचंड ओझं होतं. ते वितळलं आणि दबलेली जमीन हळूहळू वर यायला लागली. ती अजूनही वर येतेय, वर्षाला काही मिलिमीटर. म्हणजे तिथे नवे खडक अजूनही पाण्यातून डोकं वर काढतायत. दोन बेटांमधलं अंतर कुठे शंभर मीटर, कुठे दीड किलोमीटर. हा बाल्टिक समुद्र, त्यात मीठ कमी, भरती-ओहोटी जवळपास नाहीच. मुंबईचीही एके काळी सात बेटं होती, पण आपण मधल्या खाड्या भरून टाकल्या. आता माहीमहून वरळीला पोहत जायचं म्हटलं तर लोक टॅक्सी दाखवतील.

दुसरं कारण म्हणजे कायदा, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वीडनमध्ये एक जुना रिवाज आहे, अलेमान्सरेत्तेन. शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'सगळ्यांचा हक्क'. जमीन कुणाच्या का मालकीची असेना, तिच्यावरून चालायचा, पाण्यात उतरायचा, एखादी रात्र तंबू ठोकायचा हक्क प्रत्येकाला आहे. अट एवढीच, की घराच्या अगदी जवळ जायचं नाही, पिकात शिरायचं नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही आणि काही नासधूस करायची नाही. १९९४ मध्ये याचा उल्लेख त्यांच्या राज्यघटनेत आला. आता विचार करा, चार ओली माणसं पाण्यातून वर येतात, कुणाच्या तरी बेटावरून पळत जातात आणि पलीकडून पुन्हा पाण्यात उडी मारतात. आपल्याकडे पहिल्याच बेटावर कुणीतरी विचारलं असतं, कोण रे तुम्ही, कुणाला विचारून आलात? तिथे तो प्रश्नच येत नाही.

अर्थात सगळं कायमच इतकं मोकळं होतं असं नाही. शीतयुद्धात या द्वीपसमूहाच्या बऱ्याच भागात नौदल आणि तोफखान्याचे तळ होते, आणि परदेशी माणसाला तिथे फिरायला बंदी होती. ती उठली नव्वदच्या दशकात. अजून मागे गेलात तर १७१९ च्या उन्हाळ्यात रशियन आरमाराने याच बेटांवरची गावं जाळली होती. आज जिथे पळणारे केळी खातात, तिथली माणसं तेव्हा जीव वाचवायला जंगलात पळाली होती.

तिसरं कारण, तिथल्या माणसांना पोहता येतं. हे वाक्य फार साधं वाटतं, पण त्याच्यामागे दोनशे वर्षांची मेहनत आहे. जगातला आजही चालू असलेला सगळ्यात जुना पोहण्याचा क्लब स्वीडनच्या उप्साला गावात आहे. स्थापना १७९६! पाण्याकाठी राहणाऱ्या लोकांचा देश, आणि तरी माणसं बुडून मरायचीच. म्हणून १८९८ मध्ये बुडणाऱ्यांना वाचवण्याचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था निघाली. आज तिथल्या शाळेत पोहणं अभ्यासक्रमातच आहे. मुलाला २०० मीटर पोहता आलंच पाहिजे, त्यातलं ५० मीटर पाठीवर. हॉटेलात वाढपी म्हणून काम करणाऱ्या माणसानेही 'चल पोहू' म्हणावं आणि दुसऱ्याला त्यात काही वेगळं वाटू नये, याचं मूळ इथे आहे.

तर पैज दोनदा झाली आणि तिथेच संपलीही असती. पण मिकाएल लेम्मेल आणि मॅट्स स्कॉट या दोघांच्या कानावर ही गोष्ट गेली. हे दोघं अ‍ॅडव्हेंचर रेसिंगवाले. अ‍ॅडव्हेंचर रेसिंग म्हणजे डोंगर, नद्या, जंगलं तुडवत संघाने कित्येक दिवस चालवायची शर्यत. त्यात एक पक्का नियम असतो की संघ फुटला तर शर्यत संपली. हे दोघं तो नियम सोबत घेऊन आले. २००६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी पहिली अधिकृत शर्यत भरवली. नाव ठेवलं 'ओ-तिल-ओ'. स्वीडिश भाषेत 'ओ' म्हणजे बेट, म्हणजे 'बेटावरून बेटावर'. उच्चार नीट करायचा असेल तर ओठ 'ओ' म्हणायला गोल करा आणि तोंडातून 'ए' काढा. करून बघा. लोकलमध्ये असाल तर नका करू.

दिशा फिरवली. पैज ऊतोहून सांदहाम्नला होती, शर्यत सांदहाम्नहून ऊतोला. म्हणजे शेवट त्या जुन्या खाणीच्या कचेरीपाशी. पहिल्या वर्षी दहा-बारा जोड्या उभ्या राहिल्या. दिलेल्या वेळेत पोचल्या फक्त दोन.

इथे थोडं थांबू. १९७८ मध्ये हवाईला पहिली आयर्नमॅन झाली, तीही अशाच गप्पांमधून. पोहणारा जास्त दमदार, सायकलवाला की पळणारा, यावर वाद झाला आणि जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्याने तीनही शर्यती एका दिवसात घ्यायचं सुचवलं. १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. म्हणजे आयर्नमॅनच्या पहिल्याच वेळेला बहुतेक सगळे पोचले. ओ-तिल-ओच्या पहिल्या वेळेला बहुतेक सगळे राहिले. मग ही शर्यत जास्त अवघड का? आकडे बघितले तर तसं वाटत नाही. एकूण अंतर साधारण ७५ किलोमीटर. त्यात ६५ किलोमीटर पळणं, १० किलोमीटर पोहणं. मोठं अंतर आहे, पण जगात याहून मोठ्या शर्यती भरपूर आहेत.

गोम आहे ती तुकड्यांमध्ये. ही १० किलोमीटर सलग पोहायची नाहीत. २४ बेटं लागतात. पाण्यात उतरणं आणि बाहेर येणं मिळून ४६ वेळा. पहिलं पोहणंच १,७५० मीटर, सगळ्यात लांब. पाणी बऱ्याचदा १० ते १५ अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेल्या बाटलीसारखं. बाहेर आलात की पायाखाली शेवाळलेला, गुळगुळीत ओला खडक, आणि थंडीने पाय बधिर झालेले. दोन मिनिटं पळालात की घाम फुटतो. पुन्हा पाणी. अर्ध्याहून पुढे गेल्यावर 'डुकराचं पोहणं' नावाचा १,४०० मीटरचा पट्टा येतो, तिथे प्रवाह आणि लाटा दोन्ही अंगावर येतात. तो कसाबसा पार केला की पुढे ओर्नो बेटावर एका दमात जवळपास अर्ध-मॅरेथॉन पळायची. शरीराला कळतच नाही की गरम राहू की गार, पाय चालवू की हात.

आणि आता येतो तो प्रश्न जो प्रत्येक नवखा विचारतो. बुटांचं काय करायचं?

काही नाही. बूट घालूनच पोहायचं. आणि सूट घालूनच पळायचं.

हा नियम थेट पैजेतून आलाय. त्या चौघांच्या मागे सामान घेऊन येणारी होडी नव्हती. जे अंगावर, तेच शेवटपर्यंत. शर्यतीत आजही जे घेऊन सुरुवात करता ते सगळं घेऊनच शेवट गाठायचा, वाटेत काही टाकायचं नाही. ट्रायथलॉनमध्ये कपडे-बूट बदलायला वेगळी जागा असते, इथे ती नाही. या एका नियमातून खेळाची सगळी अवजारं जन्मली. बूट पाण्यात जड होतात, पाय खाली जातात. म्हणून मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तुकडा आला, पुल बॉय. पोहण्याच्या तलावावर तुम्ही तो पाहिला असेल. स्विमरनवाल्यांनी त्याला इलॅस्टिक लावलं. पळताना तो मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरकवायचा, पोहताना आत. पाय मारता येत नाहीत, म्हणजे सगळा भार हातांवर. म्हणून तळहातावर प्लास्टिकचे पॅडल. सूट थंडीसाठी हवा, पण पूर्ण सूट घालून ओर्नोवर वीस किलोमीटर पळालात तर आत शिजून निघाल. म्हणून सुरुवातीच्या लोकांनी कात्री घेतली आणि आपल्या महागड्या वेटसूटच्या बाह्या-पायच कापून टाकले. काही वर्षांनी कंपन्यांनी तेच केलं. आखूड पायांचा, पुढून चेन असलेला, पळताना कमरेपर्यंत उतरवता येईल असा सूट बाजारात आला. कात्रीने जे फुकटात झालं होतं त्याची किंमत लागली, एवढाच फरक.

आपल्याकडे या पुल बॉयचे पूर्वज होते, हे तुमच्या लक्षात आलं का? मी सातारा जिल्ह्यात विहिरीत पोहायला शिकलो. आमच्या आधीच्या पिढीने वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड पाठीला बांधलं होतं, आमच्या वेळी पत्र्याचा डबा होता. काकांनी माझ्या कमरेला कासरा बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मुठीत धरलं आणि 'मार उडी' म्हणाले. मी नाही म्हणेपर्यंत मी पाण्यात होतो. पहिले दोन-तीन दिवस तो कासरा ताणलेला असायचा. मग एक दिवस मी मागे वळून बघितलं तर काकांनी तो ढिला सोडलेला. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, आणि मला कळलंही नव्हतं.

हे आठवायचं कारण म्हणजे स्विमरनमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तूही दोरीच आहे. दोघांच्या कमरपट्ट्यांना अडकवलेली, तीन-चार मीटरची, ताणली जाणारी. ओ-तिल-ओचा नियम असा की जोडीतली दोघं पाण्यात एकमेकांपासून १० मीटरच्या आत आणि जमिनीवर १०० मीटरच्या आत राहिली पाहिजेत. दोरी सक्तीची नाही, पण जवळपास सगळेच वापरतात. पोहण्यात जो तगडा तो पुढे, मागचा त्याच्या मागच्या शांत पाण्यात. जमिनीवर कधी कधी उलटं होतं, पळणारा पोहणाऱ्याला ओढतो. जोडीत दोघं सारख्या ताकदीचे असायलाच हवेत असं नाही, पण कोण कधी पुढे राहणार हे आधी ठरलेलं हवं.

जोडीचा नियम लोकांना सुरक्षेसाठी वाटतो, आणि ते खरंच आहे. थंड पाण्यात माणूस गारठायला लागला की त्याला स्वतःला ते सगळ्यात शेवटी कळतं. बोलणं अडखळतं, हात वाकडे पडायला लागतात, तो म्हणतो मी बरा आहे. हे बघायला दुसरं माणूस हवं. पण मला वाटतं, हा खेळ जगभर पसरला तोही या नियमामुळेच. शेवटी पोचलेल्यांचे फोटो बघा. ते घड्याळाकडे बघत नसतात, एकमेकांकडे बघत असतात. नवरा-बायको, बहीण-भाऊ, बाप-लेक अशा जोड्या उतरतात. आयर्नमॅनमध्ये तुम्ही स्वतःशी झगडता. इथे समोरच्याची कुरकुरही वाहून न्यायची.

पसरणं मात्र झपाट्याने झालं. पहिली काही वर्षं हा स्वीडनमधल्या वेड्यांचा खेळ होता. मग तिथेच ठिकठिकाणी शर्यती निघाल्या. २०१४ मध्ये ओ-तिल-ओवाल्यांनी स्वित्झर्लंडच्या एंगाडिनमध्ये, डोंगरातल्या तळ्यांवर शर्यत नेली. पुढे इंग्लंडच्या सिली बेटांवर, क्रोएशियातल्या ह्वार बेटावर. अमेरिकेत मेन राज्यातल्या कॅस्को उपसागरात दुसऱ्या लोकांनी सुरू केली. सांदहाम्न ते ऊतो ही आता जागतिक अजिंक्यपदाची शर्यत म्हणून ओळखली जाते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सहाला सुटते. जागा मोजक्या, आधी दुसऱ्या शर्यतींमधून नाव कमवावं लागतं. चार दोस्तांना जे अंतर कापायला २४ तासांहून जास्त लागले होते, ते आज सगळ्यात वेगवान जोड्या आठ तासांच्या आत कापतात. रेस्टॉरंटमध्ये थांबायचा नियम काढलाय, हेही एक कारण असावं.

पैसा आला, प्रायोजक आले, आणि काही गोष्टी सुटल्या. आता बऱ्याच ठिकाणी एकट्याने उतरायचा गटही असतो. आयोजकांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. प्रत्येकाला जोडीदार मिळत नाही, आणि त्यामुळे माणसं खेळात यायचीच राहतात. पण मला विचाराल तर एकट्याचा स्विमरन म्हणजे मीठ न घातलेली भाजी. पोट भरतं, एवढंच.

आता तुमच्यातल्या काहींचा प्रश्न असेल, की हे सगळं ठीक आहे, पण आम्ही नाशिकला राहतो, आम्ही सुरुवात कुठून करायची?

एक आकडा सांगतो, मग बोलू. भारतात दरवर्षी ३०,००० हून जास्त माणसं बुडून मरतात. आपल्या धरणांवर 'पोहण्यास मनाई' अशा पाट्या असतात आणि त्यांच्यावर आपण हसतो. पण शाळेत २०० मीटर पोहायला शिकवलेला देश आणि पाटी लावून मोकळा झालेला देश, यांच्यात अंतर आहे. ते अंतर तुम्ही-आम्ही धाडसाने भरून काढू शकत नाही. त्यामुळे रील बघून, बूट घालून थेट धरणात उतरणं हा या खेळाचा आरंभ नाही. पावसाळ्यात तर नदीच्या जवळपासही नको.

आरंभ तलावात आहे. आधी सलग एक किलोमीटर, न थांबता, न धापा टाकता पोहता येतं का ते बघा. मग पुल बॉय आणि पॅडल. पॅडल एकदम मोठे घेऊ नका, खांदे दुखावतात, आणि खांदा दुखावला की तो लवकर बरा होत नाही. बूट घालून सराव करायचा तर तलावाच्या व्यवस्थापकाला आधी विचारा. धुतलेले जुने बूट दाखवूनही बहुतेक जण नाहीच म्हणतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. मग उघड्या पाण्यात, पण तेही माहीतगार गटाबरोबर, सोबत होडी किंवा कयाक असताना, कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधून. समुद्रात पोहण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, लहान मुलांपासून आजोबांपर्यंत माणसं उतरतात. पुण्याच्या रोहन मोरेने तर २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून पूर्ण केल्या, आणि असं करणारा तो पहिला आशियाई ठरला. म्हणजे पाणी आपल्याला परकं नाही. आणि हो, आपल्या पाण्यात स्वीडनचा जाड सूट घालून पळू नका. तिथे थंडीने माणूस आडवा होतो, इथे उकाड्याने होईल.

अंतराचं म्हणाल तर कुणीही ७५ किलोमीटरने सुरुवात करत नाही. ओ-तिल-ओच्याच मालिकेत नवख्यांसाठी छोट्या शर्यती असतात, ज्या एका सकाळीत संपतात. आपल्याकडे शर्यतीची वाट बघायचीही गरज नाही. तीनशे मीटर पोहा, दोन किलोमीटर पळा, पुन्हा तीनशे मीटर पोहा. तिसऱ्या फेरीला तुम्हाला कळेल की पोहून उठल्यावर डोकं का गरगरतं आणि ओल्या मोज्यांनी कुठे फोड येतात.

पण या सगळ्याच्या आधी जोडीदार शोधा. मी आणि माझा एक मित्र गेल्या हिवाळ्यापासून हे करतोय. तो माझ्यापेक्षा खूप चांगला पळतो, पण शिकलाय तलावात, तळ दिसणाऱ्या निळ्या पाण्यात. डिसेंबरमध्ये आम्ही एका खासगी तळ्यात, प्रशिक्षक कयाकवर सोबत असताना, पहिल्यांदा दोरी बांधून उतरलो. पाणी हिरवट, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. शंभरेक मीटर गेल्यावर माझ्या कमरेला हिसका बसला. वळून बघितलं तर तो थांबला होता, मान वर, श्वास उथळ, डोळे मोठे. तोंडाने काही म्हणत नव्हता. मी दोरी धरून त्याच्यापर्यंत गेलो. प्रशिक्षकांनी कयाक बाजूला आणला आणि एवढंच म्हणाले, "पाठीवर व्हा, आकाशाकडे बघा, घाई नाही." दोन मिनिटं तो नुसता तरंगत राहिला. मग कयाक धरून परत आला. काठावर आल्यावर म्हणाला, "तू वळला नसतास तर मी हाकही मारली नसती. लाज वाटत होती."

मला तेव्हा तो १० मीटरचा नियम खऱ्या अर्थाने कळला. सहा फुटांचा, मॅरेथॉन पळणारा माणूस बुडेल पण हाक मारणार नाही. त्यानंतर आम्ही एक खूण ठरवली. दोरीला दोन हिसके म्हणजे थांब. कारण विचारायचं नाही, बोलायचं नाही, फक्त थांबायचं. पुढचे तीन रविवार त्याने फक्त पन्नास मीटर आत जायचं आणि पाठीवर तरंगायचं, एवढंच केलं. फेब्रुवारीत आम्ही ते तळं आरपार पोहलो, बूट घालून. दोन हिसके त्या दिवशी एकदाच बसले, आणि ते मी दिले होते. पोटरीत गोळा आला होता.

ऊतोवरचं ते हॉटेल आजही चालू आहे. खाणीच्या जुन्या खड्ड्यांमध्ये आता पाणी साठलंय, आणि ते बघायला पर्यटक येतात. ओ-तिल-ओ तिथेच संपते. पोचलेल्या जोड्यांना शेवटच्या रेषेवर बऱ्याचदा दोरी सोडवता येत नाही. बोटं इतकी गारठलेली असतात की कमरपट्ट्याचा हूक उघडत नाही, आणि मग ते तसेच, एकमेकांना बांधलेले, जेवायच्या दिशेने चालायला लागतात.

पुढच्या भागात भेटू.